पोस्टमनचा निळा कोट

माझ्या शेजारचा म्हातारा मार्चमध्ये गेला. इथल्या पेपरात त्याचा फोटो आला, तो सूनबाईनं चहाच्या वेळी दाखवला. फोटो जुना, काळापांढरा, आणि त्यात म्हाताऱ्याच्या डोक्यावर पोस्टमनची टोपी. मी म्हटलं, "मेला तरी टोपी सुटली नाही बिचाऱ्याची."

"अहो बाबा, काय बोलता!" सून म्हणाली.

मी असंच बोलतो. सातवीपर्यंत शाळा, त्यातही निम्मा वेळ गुऱ्हाळावर. मग जन्मभर एसटीत कंडक्टर. ज्यानं आयुष्यभर "पुढं सरका" म्हणून घसा फोडला त्याला गोड बोलणं कुठून येणार?

म्हातारा पोस्टमन नव्हता. नट होता. टीव्ही नवा नवा होता तेव्हाचा, सिनेमाला रंग नव्हता तेव्हाचा. फोटोखाली त्याचं नाव छापलं होतं. ते मी इथं लिहिणार नाही. ते नाव एका बाईच्या तोंडून एकदा ऐकायला मिळावं म्हणून तो शेवटची वर्षं झुरला. तिनं घ्यायचं नाव मी कशाला वाटेल तिथं टाकू?

आमची ही गेली त्या वर्षी मुलानं मला इकडं जर्मनीत, गार्चिंगला आणलं. तो इथल्या एका संस्थेत कॉम्प्युटरवर आहे. सकाळी तो जायचा, सून जायची, नात शाळेत जायची, मग घरात मी आणि हीटर. मला साताऱ्याला बहिणीकडं हिचा एक फोटो पाठवायचा होता. सुनेनं पाकिटावर पत्ता घालून दिला, तिकीट लावून दिलं आणि म्हणाली, "बाबा, कोपऱ्यावर पिवळी पेटी आहे, तिच्यात टाका." मी खाली उतरलो तर दारातच पोस्टमन. गडद निळा कोट, पितळी बटणं, खांद्याला चामड्याची पिशवी, टोपी. म्हातारा जरा जास्तच होता, पण मी म्हटलं, इथं माणसं उशिरापर्यंत नोकरी करत असतील. दिलं पाकीट त्याच्या हातात. त्यानं ते दोन्ही बाजूंनी बघितलं, टोपीला हात लावला, टाच टाचेवर मारली आणि गेला.

संध्याकाळी सांगितलं तर घरात गोंधळ. "अहो बाबा, इथले पोस्टमन पिवळ्या गाडीवर येतात, पिवळंलाल जाकीट असतं त्यांचं! तुम्ही पाकीट दिलंत कुणाला?"

"मला काय माहीत. पोस्टमनला दिलं."

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. तोच, त्याच कोटात. पोस्टाची पावती घेऊन आला होता. पाकीट रजिस्टर करून आला होता. सुनेशी बोलताना त्याचा आवाज जिन्यात घुमत होता. तो गेल्यावर सून दाराला टेकून उभी राहिली. म्हणाली, "बाबा, ते खालच्या मजल्यावर राहतात. नट होते. ते म्हणाले, पन्नास वर्षांत कुणी त्यांच्या हातात पत्र दिलं नव्हतं. तुमचे आभार मानायला आले होते."

अशी ओळख झाली.

तो मला हेर नाखबार म्हणायचा, म्हणजे शेजारीबुवा. मी त्याला तेच म्हणायचो. या भाषेतलं तू-तुम्ही मला अजून जमत नाही, त्यामुळं मी त्याला पहिल्या दिवसापासून तू म्हणत आलो. नव्वदीला टेकलेला माणूस, पण त्यानं कधी सुधारलं नाही. तो मला शेवटपर्यंत तुम्ही म्हणाला. बोलायचा असा सावकाश, एकेक शब्द सुटा, शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला ऐकू जावा तसा. म्हाताऱ्यांच्या जर्मनच्या वर्गाला मुलानं मला घातलं होतं, तिथल्या बाईचं मला निम्मंही कळायचं नाही. याचं सगळं कळायचं. या देशात मला सगळ्यात आधी समजलेलं जर्मन त्याचं.

खोड्या फार. बसायचा तो कायम डावी बाजू आपल्याकडं करून. उजवी बाजू चांगली दिसत नाही म्हणे. आमच्या घरी आला की खुर्ची उचलून इकडं ठेव, तिकडं ठेव, असं चालायचं. मला वाटलं वारं लागतंय. तसं नव्हतं. खिडकीतला उजेड तोंडावर कुठं पडतो ते तो बघायचा. बरी जागा मिळाली की मग बसायचा आणि मगच बोलायला लागायचा. निघताना तर तमाशाच. दारातून "आउफ विडरझेन" म्हणून जायचा, जिन्यात चार पायऱ्या उतरायचा, थांबायचा, परत यायचा. "नाही जमलं," म्हणायचा आणि पुन्हा निरोप घ्यायचा. कधी तीनतीनदा. नात सोफ्यावर लोळून हसायची. मी म्हणायचो, "अरे, जा की आता!" तो म्हणायचा, "हेर नाखबार, येणं कुणालाही येतं. जाणं शिकावं लागतं."

सिनेमात त्यानं काय केलं ते त्याच्याच तोंडून ऐकलं. सुरुवातीला मागं उभा राहायचा. वेटर, शिपाई, गर्दीतला माणूस, प्रेताला खांदा देणारा चौथा. मग टीव्हीवर एक मालिका निघाली. डोंगरातलं एक गाव, त्या गावचा पोस्टमन. पत्र देता देता तो सगळ्यांची भांडणं मिटवतो, पोरींची लग्नं जमवतो, म्हाताऱ्यांची दुखणी ऐकतो. हा पोस्टमन म्हणजे आमचा म्हातारा. ज्यांच्याकडं टीव्ही होता त्यांच्या घरी अख्खी गल्ली जमायची. रस्त्यानं बायका त्याला थांबवायच्या आणि नवऱ्याच्या तक्रारी सांगायच्या. तोही ऐकून घ्यायचा. तेव्हा मजा वाटायची म्हणाला.

मालिका संपली आणि याचं सगळंच संपलं. कुठलंही काम मिळालं तरी लोकांना दिसायचा पोस्टमनच. एका सिनेमात त्याला खुन्याचं काम मिळालं. जीव ओतून केलं. पहिल्या खेळाला स्वतः जाऊन बसला, बायको शेजारी. पडद्यावर यानं सुरी उचलली आणि थेटरात कुणीतरी ओरडलं, "पत्र आलंय, पत्र!" अख्खं थेटर हसलं. हा अंधारातून उठून बाहेर गेला. त्यानंतर तोंड दाखवायची कामंच बंद झाली. परदेशी सिनेमांतल्या नटांना जर्मन आवाज द्यायचं काम करत राहिला. म्हणायचा, "माझा आवाज दुसऱ्यांच्या तोंडात, आणि माझं तोंड कपाटात." त्यावर पोट भरलं. मध्ये मध्ये दुकानांच्या उद्घाटनाला बोलवायचे, पण अट एकच, कोट घालून यायचं. मग एक दिवस त्यानं तो कोट केलरमध्ये, म्हणजे खालच्या तळघरात, पेटीत घातला आणि कुलूप लावलं.

तो खुन्याचा सिनेमा त्यानं मला एकदा लावून दाखवला. दोघंच होतो. त्याचं पडद्याकडं लक्ष नव्हतं, माझ्याकडं होतं. सुरी वर गेली तेव्हा मी खुर्चीतच मागं सरलो. खरंच भ्यालो. त्या चेहऱ्यावर दयामाया काही नव्हती. म्हाताऱ्यानं उठून माझे दोन्ही खांदे धरले. "तुम्ही हसला नाहीत!"

"हसायला काय झालं? माणूस मारतोयस तू."

"पण मी पोस्टमन आहे."

"मग? पोस्टमन काय खून करत नाहीत? आमच्या गावचा पोस्टमन दारू पिऊन विळा घेऊन फिरायचा."

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. ती मालिका मी बघितलेलीच नव्हती ना. त्याच्या त्या खुन्याला खरा प्रेक्षक मिळाला तो बहुतेक मी एकटाच.

एकदा त्यानं मला सरळ विचारलं, "बायको गेल्यावर तुम्ही रडलात का?" मी म्हटलं, नाही. आलं नाही रडू. स्मशानात नाही, नंतर नाही. पोरगं रडलं, सून रडली, मी लाकडासारखा. त्यानं मान डोलावली आणि मला धंद्यातली गोष्ट सांगितली. मरण फार मोठं असतं, त्याच्यावर कुणाला रडता येत नाही. डायरेक्टर रड म्हणाला की आपण काहीतरी लहान घ्यायचं. चप्पल, कंगवा असलं काहीतरी. मग त्यानं माझ्यासमोर डोळे उघडे ठेवून नुसत्या डाव्या डोळ्यातून पाणी काढून दाखवलं. मी म्हटलं, "तुझी नाटकं तुझ्यापाशी ठेव." चिडलो होतो. पण पुढं आठवड्याभरात चहात साखर घालताना माझा हात थांबला. मला मधुमेह. ही अर्धाच चमचा घालायची आणि मी बघत नाही असं समजून अजून चिमूटभर टाकायची. किती वर्षं. मी ओट्यापाशी उभा राहून रडलो. सून घरी नव्हती ते बरं झालं.

आता त्याच्या बायकोचं सांगतो.

ती शिवणकाम करायची. नाटकवाल्यांचे, सिनेमावाल्यांचे कपडे शिवायची. तो निळा कोटही तिनंच शिवलेला. तिला विसरायचा आजार झाला. आधी गॅस विसरली, मग घराचा रस्ता विसरली, मग याला विसरली. घरात हा कोण हिंडतोय म्हणून घाबरायची. शेवटी हाइममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. तिथंही याला बघितलं की ओरडायची. एकदा तिथल्या हॉलमध्ये टीव्हीवर ती जुनी मालिका लागली आणि ती टाळ्या वाजवून म्हणाली, "हा आपला पोस्टमन!" झालं. म्हातारा घरी आला, केलरमध्ये उतरला, पेटीचं कुलूप काढलं. ज्या कोटानं त्याचं वाटोळं केलं तो कोट रोज अंगावर चढला.

मी त्याच्याबरोबर जायला लागलो त्याचं कारण साधं. बसमधून उतरताना त्याचा गुडघा लचकायचा, आणि लोकांना उतरताना हात द्यायची मला जन्माची सवय. दुपारचं मला दुसरं कामही नव्हतं. पहिल्या दिवशी मी दाराशीच थांबलो. बाई खिडकीजवळ बसलेली. मांडीवर कापडाचे तुकडे, हातात सुई, सुईत दोरा नाही. तरी टाके घालत होती. हा आत गेला आणि तिचा चेहरा उजळला. "या, या, पोस्टमनसाहेब!" तिनं आधी त्याचं वरचं बटण ओढून बघितलं, घट्ट आहे का. मग हा खोटं खोटं गावाची बातमी सांगायला लागला. कुणाची गाय व्याली, कुणाच्या पोरीनं कुणाला होकार दिला. बाई हसत होती, विचारत होती. तासभर असं चाललं.

निघताना त्यानं टोपी काढली, तिच्यासमोर वाकला आणि विचारलं, "आणि माझं नाव काय?"

तिनं त्या मालिकेतल्या पोस्टमनचं नाव सांगितलं. खुशीत सांगितलं.

यानं टोपी घातली आणि बाहेर आला. कॉरिडॉरमध्ये भिंतीला धरून उभा राहिला. तिथं केरळची एक सिस्टर आहे, माझ्याशी तोडक्यामोडक्या हिंदीत बोलते. ती म्हणाली, "अंकल, हे रोज विचारतात. रोज असेच बाहेर येतात. त्यांना सांगा ना, विचारू नका म्हणून."

मी काय सांगणार. ओळख होऊन महिना झाला नव्हता.

त्याच्या वाढदिवसाला त्यानं कोट घातला नाही. काळा सूट घातला. सिनेमांच्या पहिल्या खेळांना दोघं जायचे तेव्हाचा. केस चोपडून बसवले, हातात फुलं. बसमध्ये मला म्हणाला, "सूटसुद्धा तिनंच शिवलाय. आज हाताला तरी आठवेल." खोलीत गेला. बाईनं आदबीनं विचारलं, कोण आपण? हा काही बोलला नाही, तिचा हात हातात घेतला. ती किंचाळली. सिस्टर पळत आली. बाई थरथरत म्हणत होती, "परका माणूस आहे, परका! पोस्टमनला बोलवा!"

म्हातारा बसनं घरी गेला. कोट घालून परत आला. मी तिथंच बसून होतो, सगळं बघितलं. बाईनं पोस्टमनपाशी तक्रार केली. एक म्हातारा खोलीत घुसला होता, काळ्या कपड्यातला, हात धरत होता. यानं भुवया चढवल्या. "असं? कुठल्या बाजूला गेला? मी बघतो त्याच्याकडं." स्वतःवरच एवढा छान चिडला की बाई शांत झाली. आणि मग, बेअक्कल माणूस, जाताना परत टोपी काढून विचारलंच, "माझं नाव काय?"

त्या दिवशी मी बसस्टॉपवर त्याला झापला. सूनबाई ऑफिसातून सुटून आम्हाला न्यायला आली होती, तिलाच मध्ये घातलं. "याला नीट सांग गं, शब्दाला शब्द."

"बाबा, जाऊ दे ना, त्यांचा वाढदिवस आहे."

"सांग म्हटलं ना. विचार त्याला, नावाचं एवढं काय घेऊन बसलायस? माझ्या बायकोनं एवढ्या संसारात माझं नाव घेतलं नाही. अहो. ऐकलं का. फार चिडली तर, 'कुणाला सांगतेय मी?' लग्नात-बारशात उखाणा घ्यायला लावला तर तेवढ्यापुरतं, तेही खाली बघून."

सून सांगत होती. म्हातारा डावी-उजवी बाजू विसरून तिच्याकडं तोंड करून बसला होता.

मग मी हॉस्पिटलचं सांगितलं. हिला झटका आला तेव्हाचं. तिथला तरुण डॉक्टर डोकं तपासत होता. तुम्ही कुठल्या गावच्या? सांगितलं. आज वार कुठला? सांगितलं. नवऱ्याचं नाव काय? गप्प. परत विचारलं, गप्प. ओठ घट्ट मिटलेले. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाला, स्मरणशक्तीवर परिणाम दिसतोय. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, परिणाम बिरिणाम काही नाही. ती नाव घेणार नाही. मी समोर उभा आहे ना." हिनं तशा अवस्थेत पदर पुढं ओढला आणि मुलाला म्हणाली, "तू सांग रे." अर्धं तोंड वाकडं झालेलं, पण नाव घेतलं नाही. चार दिवसांनी गेली. माझं नाव न घेताच गेली. मग काय मी तिचा कुणी नव्हतो?

सुनेचा आवाज शेवटी शेवटी बसला. तिनं ते शेवटचं वाक्य सांगितलं की नाही मला माहीत नाही. म्हातारा म्हणाला, "गेनाऊ." बरोबर आहे, एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं विचारणं सोडलं. टोपी काढायचा, वाकायचा, "उद्या येतो" म्हणायचा. पण म्हणून आतली इच्छा गेली असं नाही. बाई बोलायला तोंड उघडायची तेव्हा तो कसा पुढं झुकायचा, ते मला मागून दिसायचं. मी कंडक्टरकी केलीय. न बोलता आशा धरून बसलेला माणूस मला पाठीवरून कळतो.

थंडी संपत आली होती, रस्त्याकडेला काळं पडलेलं बर्फ होतं, तेव्हाची गोष्ट. हा नेहमीसारखा गायीची, पोरीची बातमी सांगत होता. बाई हसेना. टाके घालायची थांबली. म्हणाली, "पोस्टमनसाहेब, तुम्ही सगळीकडं हिंडता. माझं एक काम कराल?"

"सांगा की, बाई."

"माझा नवरा कुठं दिसला का तुम्हाला?"

आणि तिनं नाव घेतलं. पुढचं, आडनाव, सगळं. पोस्टमनला पत्त्यासाठी सांगतात तसं स्पष्ट. मी ते नाव बेलवर रोज वाचायचो. सिस्टर औषधांचा ट्रे घेऊन दारात आली होती, ती तिथंच थांबली.

समोर कोण आहे याचा बाईला पत्ता नव्हता. ती आपलं सांगत होती. "नट आहे तो. सारखा बाहेर. येतो म्हणतो आणि येत नाही. लोक काहीबाही बोलतात, मी नाही ऐकत. त्याला काम मिळत नाही, म्हणून तो लाजतो. थेटरात लोक हसले तेव्हापासून असंच करतो. तुम्ही त्याला सांगा, मला कामाचं काही नाही. म्हणावं, घरी ये."

मी म्हाताऱ्याच्या पाठीकडं बघत होतो. मला वाटलं, आता कोसळतोय. पण तो पोस्टमनच राहिला. त्या गावठी पोस्टमनच्याच आवाजात म्हणाला, "बाई, बघितलंय मी त्यांना. इथं खालीच उभे आहेत. वर यायचा धीर होत नाही त्यांना."

"धीर कसला त्यात! पाठवा वर. बाहेर केवढी थंडी आहे."

तो कॉरिडॉरमध्ये आला. दोन्ही डोळे वाहत होते, उजवाही. बटणं काढायला गेला तर बोटं चालेनात. मीच काढली. कोट माझ्या हातावर, टोपी सिस्टरकडं. आत एक जुना स्वेटर होता, कोपरावर विरलेला. दाराची मूठ धरून तो थांबला.

"ओरडली तर?"

"ओरडली तर ओरडली. बायको आहे."

"हेर नाखबार, मला काय बोलायचं तेच माहीत नाही." एवढ्या मोठ्या नटाला वाक्य सापडेना.

मी म्हटलं, "तुला आतून बोलावणं आलंय. मला तसं बोलावणं आता येणार नाही. जा."

तो गेला. दार अर्धवट उघडं राहिलं. उजेड कुठं आहे ते त्यानं बघितलं नाही, जिथं पोचला तिथं उभा राहिला. बाईनं त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. सिस्टरनं गळ्यातला क्रॉस धरला.

"एवढा उशीर?" बाई म्हणाली.

"हो," म्हातारा म्हणाला. "झाला उशीर."

"आणि हे कोपर बघ. लोक काय म्हणतील? काढ तो स्वेटर."

त्यानं काढला. तिनं तो मांडीवर घेतला आणि बिनदोऱ्याच्या सुईनं भोक शिवायला बसली. शिवता शिवता रागावत होती, कुठं होतास, काय खाल्लंस, कळवता येत नाही का. हा नुसत्या सदऱ्यात, थंडीनं काकडत तिच्यासमोर बसून बोलणी खात होता. "हो, हो," म्हणत होता. अंधार पडेपर्यंत.

सिस्टर माझा हात दाबून म्हणाली, "अंकल, ओळखलं!" मला तसं छातीठोक सांगता येत नाही. पोस्टमननं पाठवतो म्हटलं होतं. त्या वेळी त्या दारातून जो आत गेला असता त्यालाच तिनं नवरा म्हणून रागावलं असतं, असंही असेल. म्हाताऱ्याला खातरी करून घेता आली असती. त्यानं विचारलं नाही. बसमध्ये कोट मांडीवर घेऊन बसला होता. माझ्याकडं उजवी बाजू होती. म्हणाला, "तिला सगळं माहीत होतं. मी थेटरातून उठलो तेव्हा ती शेवटपर्यंत बसून राहिली होती. मला वाटायचं, तिलाही हसू आलं म्हणून."

दुसऱ्या दिवशी स्वेटरात गेला तर बाई ओरडली. परत कोट. रोज कोट. पुन्हा तिनं ते नाव घेतलं नाही, निदान मी होतो तेव्हा तरी. मार्चमध्ये न्यूमोनियानं तो गेला. हॉस्पिटलमध्ये फार दिवस काढले नाहीत. जाणं शिकलेला होता.

हँबुर्गहून त्याची पुतणी आली. बाईला सांगायचं नाही असं तिनं आणि डॉक्टरांनी ठरवलं. सिस्टरनं मला हळूच सुचवलं, "अंकल, कोट तुम्ही घाला ना. त्यांना बरं वाटेल." मी म्हटलं, नाही. मला सोंग येत नाही आणि तो कोट माझा नाही. पुतणीनं तो त्याच्याबरोबर दिला का ठेवला, मी विचारलं नाही.

पण दुपार झाली की पाय तिकडंच वळतात. मी आपला जाकिटात, कानटोपीत जातो. पहिल्या दिवशी बाईनं मला बघितलं, घाबरली नाही. मी परकाच दिसतो, त्यामुळं तिची फसगत होत नसावी. म्हणाली, "माझ्या नवऱ्याला भेटायला आलात का? तो बाहेर गेलाय."

मी म्हटलं, हो, त्यालाच.

"मग थांबावं लागेल. आणि तुमच्या बाई? त्या नाही आल्या?"

हा प्रश्न मला इथं पुष्कळांनी विचारलाय. मी तोंडावर सांगतो, मेली. लोक गप्प होतात. त्या दिवशी माझ्या तोंडून तो शब्द निघेना. जर्मन शब्द मला येतो, तरी निघेना.

"ती पण बाहेर गेलीय," मी म्हटलं.

बाईनं शेजारच्या खुर्चीवरचे कापडाचे तुकडे उचलून मांडीवर घेतले. "बसा मग," म्हणाली. "येतील दोघं."

मी बसलो.